तासांची वही आमच्या हाती द्या

सराफा, जबलपूर आणि लगतच्या वस्त्यांतील सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवरील पालक-सदस्यांचे मागणीपत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभागाचे जिल्हा व राज्य पातळीवरील अधिकारी यांस

विषय : समिती-सदस्यांच्या प्रशिक्षणाची नावनिशीवार व तासवार नोंद ठेवणे, तिची प्रत सदस्याला देणे आणि ती पालकांसमोर वाचणे याबाबत.

महोदय,

काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण सांगणाऱ्या कमानिया गेटाखालून आत आले की सराफा लागतो. इथल्या कुठल्याही पेढीवर सोन्याची अंगठी मागा आणि तिची आतली बाजू भिंगाखाली धरा. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, सोन्याचा कस आणि शेजारी सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक दिसेल. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. क्रमांक मोबाइलवर घातला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला आणि त्याचा कस किती, हे गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या पाहून घेते. दोन ग्रॅमहून जड असलेल्या हॉलमार्कच्या प्रत्येक अंगठीला अशी स्वतःची ओळख आहे.

आता याच गल्ल्यांतल्या एका आईची गोष्ट. ती घरी बसून मण्यांच्या पोती ओवते. मुलगी सरकारी शाळेत पाचवीला होती आणि आई त्या शाळेच्या समितीवर. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला ती दोन्ही दिवस गेली, ओवणीचे काम बुडवून. हजेरीच्या कागदावर चार रकाने होते : अनुक्रमांक, नाव, शाळा, सही. तिने सही केली. संध्याकाळी कोणीतरी खाली रेघ ओढून ‘एकूण उपस्थित’ असा आकडा लिहिला आणि कागद फाइलीत गेला. पुढच्या वर्षी मुलगी सहावीसाठी दुसऱ्या शाळेत गेली. तिथल्या पालकांनीही आईला समितीवर निवडून दिले. ‘प्रशिक्षण झाले आहे का?’ ती म्हणाली, झाले आहे. ‘कागद?’ कागद नव्हता. जुनी फाइल कुठल्या कपाटात आहे, हे सांगणारा कर्मचारी बदलून गेला होता. तिच्या नावापुढे ‘अप्रशिक्षित’ लागले आणि तिने पुन्हा दोन दिवस मोडून ‘समिती म्हणजे काय’ हा पहिलाच धडा ऐकला. पहिले पाढे पंचावन्न.

शाळेचे किंवा कार्यालयाचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. आमच्यातल्या बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे आणि कोणा एका मुख्याध्यापकाला धारेवर धरून ती बदलणार नाही. दोष आहे तो हजेरीच्या कागदाच्या चार रकान्यांत.

आम्ही कोण, हेही सांगितले पाहिजे. आमच्यात दागिन्यांच्या कारागिरांच्या बायका आहेत, पेढ्यांवर काम करणारे आहेत, एक रिक्षावाला आहे, दोन आज्या आहेत. नातवंडांच्या पालक म्हणून समितीवर त्याच बसतात. सगळे मराठी नाहीत. या मागणीपत्राची हिंदी प्रत कार्यालयात रीतसर दिली जात आहे. ही मराठी प्रत आहे ती आमच्या घरांसाठी. मराठे सागरहून इकडे आले ते अठराव्या शतकात, मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८१७ मध्ये तोही गेला, तरी घरात भाषा राहिली. सभेत हिंदी बोलायची आणि घरी येऊन सासूला मराठीत समजावून सांगायचे, हा आमच्यापैकी काहींचा रोजचा रिवाज आहे.

समितीवर आम्ही कोणाच्या मेहेरबानीने बसलेलो नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कामे कायद्यानेच नेमून दिली आहेत. मध्य प्रदेशाला हे नवे नव्हते. २००२ च्या जन शिक्षा अधिनियमाने पालक शिक्षक संघ आणले होते. त्याच्याही आधी, १९९७ च्या शिक्षा गारंटी योजनेत, वस्तीतल्या लोकांनी शाळा मागितली की ९० दिवसांत ती देण्याची हमी सरकारने घेतली होती. आणि या शहरापुरते बोलायचे तर नागरिकांनी एकत्र येऊन शाळा चालवण्याची इथली रीत हितकारिणी सभेइतकी, म्हणजे १८६८ इतकी जुनी आहे. तेव्हा ‘पालकांना यातले काय कळते’ हे वाक्य निदान जबलपुरात तरी कोणी उच्चारू नये.

काय कळते, याचा एक नमुना देतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे एकत्रित अनुदान मिळते. १०० हून जास्त आणि २५० पर्यंत मुले असलेल्या शाळेला ते वर्षाला ५० हजार रुपये असते आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. एका बैठकीत खर्चाचा तक्ता वाचला जात होता. खडू-फळा, दुरुस्ती, वीजबिल, खेळाचे साहित्य. सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणत होते. तेवढ्यात वर सांगितलेल्या आईने विचारले, ‘स्वच्छतेचे पाच हजार कुठे आहेत?’ खोली गप्प झाली. मुख्याध्यापकांनी तक्ता उलटसुलट पाहिला. फिनाइल, झाडू आणि संडासाच्या नळाचे पैसे दुरुस्तीच्या रकान्यात चढले होते. चोरी नव्हती, रकाना चुकला होता. तो तिथेच दुरुस्त झाला आणि बेरीज केल्यावर लक्षात आले की स्वच्छतेवर अजून अकराशे रुपये खर्च व्हायचे आहेत. त्या पैशांत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि बादली आली. हा प्रश्न तिला सुचला तो प्रशिक्षणातल्या अर्ध्या तासामुळे. पण तिच्या नावावर तो अर्धा तास कुठेही जमा नाही.

सराफ्यात दुकान झाडून काढलेली धूळसुद्धा कोणी उकिरड्यावर टाकत नाही. झारेकरी, इथल्या बोलीत न्यारिया, ती विकत घेतो, धुतो आणि तिच्यातले सोन्याचे कण काढतो. शासन आमच्यावर प्रशिक्षणाचे पैसे खर्च करते, साधनव्यक्ती घसा कोरडा करतात, आम्ही मजुरी बुडवून बसतो. आणि संध्याकाळी सगळे झाडून बाहेर.

यावर ‘माहिती तर वर जातेच’ असे उत्तर मिळते. जाते, पण आकड्यांत. अमुक बैठका, तमुक सदस्य. आकड्यावरून कोणत्या सदस्याने काय शिकले आणि काय राहिले, हे कळत नाही. शाळेच्या त्याच इमारतीत बसणाऱ्या शिक्षकांचे मात्र तसे नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. दीक्षा मंचावर अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र त्या शिक्षकाच्या नावाने निघते. डॉक्टरांचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० गुणतास दाखवावे लागतात आणि ते त्या डॉक्टरच्याच खात्यात पडतात. ज्याचे शिक्षण त्याच्या नावावर, एवढा साधा हिशेब आहे. शिक्षकाला एक न्याय आणि त्याच्यावर देखरेख ठेवायला कायद्याने बसवलेल्या पालकाला दुसरा, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली आणि सगळ्यात मोठी : प्रत्येक सदस्याला एक प्रशिक्षण-वही द्या. शिधापत्रिकेसारखी, जाड पुठ्ठ्याची, पर्समध्ये मावेल एवढी. तिच्यात तारीख, विषय, किती तास, कोणी शिकवले आणि शिकवणाऱ्याची सही. ही नोंद प्रशिक्षण संपले त्याच दिवशी, सदस्य उठून जायच्या आधी झाली पाहिजे. ‘नंतर पाठवून देऊ’ चालणार नाही. वही सदस्याच्या घरी राहील, शाळेच्या कपाटात नाही. कार्यालयाकडे तीच नोंद दुसऱ्या प्रतीत राहावी आणि दोन्हींत फरक पडला तर सही असलेली वही खरी धरावी. सोनाराकडे सोने टाकले तर तो पावती देतो आणि पावती गिऱ्हाइकाकडे असते. पावती पेढीच्याच गल्ल्यात ठेवायची, असे सराफ्यात कोणी म्हटले तर लोक हसतील.

ही नोंद शाळेशी न बांधता माणसाशी बांधा. मध्य प्रदेशात त्याची सोय आधीच आहे. इथल्या रहिवाशांना नऊ अंकी समग्र क्रमांक मिळतो, कुटुंबाचा आठ अंकी वेगळा. मुलीची शाळा बदलली, घर शहरातल्याच गढ्याला गेले, मधे दोन वर्षे आम्ही समितीवर नव्हतो, तरी तास त्याच क्रमांकावर पडून राहतील. आधार मात्र यात आणू नका. बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणून धान्याच्या दुकानातून परत आलेल्या बाया आमच्यात आहेत. भट्टीजवळ आणि तेजाबात काम करणाऱ्यांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत, हे सराफ्याबाहेरच्या साहेबांना कदाचित ठाऊक नसेल.

आणि कृपा करून यासाठी आणखी एक ॲप काढू नका. शिक्षकांच्या मोबाइलात आधीच ॲपांची जत्रा भरली आहे. विभागाकडे असलेल्या पोर्टलवर सदस्याच्या नावासमोर एक ओळ वाढवली की भागते. शाळासमूहाचे काम पाहणाऱ्या जन शिक्षकांनी महिन्यातून एकदा ती भरावी.

दुसरी मागणी तासांबद्दल आहे आणि तिच्यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. काहींना ‘क्रेडिट’ हवे होते. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरतात आणि अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही त्यात जागा ठेवली आहे. आठवीत शाळा सुटलेल्या एखाद्या आईला हे तास पुढे दहावीच्या वाटेवर उपयोगी पडले तर का नको, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे चांगले आहे. पण दोन दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे फार तर बारा तास. म्हणजे अर्धे क्रेडिटही नाही. पावपाव क्रेडिटच्या हिशेबात मूळ काम बाजूला राहील. आज आम्ही तासच मागतो. आधी तास खरे मोजा, क्रेडिटचे पुढे पाहता येईल.

आमचा प्रस्ताव असा : समिती बसल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रत्येक सदस्याचे सहा तास व्हावेत, पहिल्या वर्षाअखेर बारा, पुढे दरवर्षी सहा. या तासांत दोन विषय सुटता कामा नयेत. एक, पैसा : अनुदान कोणत्या टप्प्यांनी येते, कशावर खर्च करता येते, देयक कसे वाचायचे. दुसरा, मुलांची सुरक्षितता : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे कलम १७, २०१२ चा पॉक्सो कायदा आणि तक्रार कळली तर त्या घटकेला कोणाला फोन करायचा. दर दोन वर्षांनी हे दोन्ही पुन्हा झाले पाहिजेत, कारण केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे समितीही दर दोन वर्षांनी नव्याने बसते. बाकी पीएम पोषण, आराखडा, दिव्यांग मुलांच्या सोयी यांचा क्रम शाळेने आपापल्या गरजेप्रमाणे ठरवावा.

काय मोजायचे नाही, तेही स्पष्ट असावे. स्वागत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण आणि जेवण यांचा वेळ तासांत धरू नये. ग्रुपवर चित्रफीत टाकली म्हणजे प्रशिक्षण झाले, असेही धरू नये. याउलट एखाद्या सदस्याने मुख्याध्यापकांबरोबर बसून तिमाहीची देयके तपासली, आराखड्यासाठी वस्तीत शाळाबाह्य मुलांची यादी केली, तर त्यातले दोन तास जमा व्हावेत. हातचे काम हे इथले जुने शिक्षण आहे. कारागीर पुस्तक वाचून घडत नाही.

तिसरी मागणी अहवालाची. पालकांची जी सभा नवी समिती निवडते, तिच्या आदल्या सभेत प्रत्येक सदस्याचे झालेले तास मोठ्याने वाचावेत, इतिवृत्तात लिहावेत आणि तो कागद सूचना फलकावर लावावा. नाव आणि तास, एवढेच. समग्र क्रमांक, पत्ता, मोबाइल काही नाही. ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शाळा मंडळावर निवडून आलेल्या माणसांना दरवर्षी ठरावीक तासांचे शिक्षण घ्यावे लागते. मंडळाच्या निवडणुकीआधीच्या शेवटच्या नियमित सभेत कोणाचे तास पूर्ण झाले, कोणाचे जास्त झाले आणि कोणाचे कमी पडले, हे अध्यक्ष नावे घेऊन जाहीर करतात. तिथली मंडळे कर आकारतात, शाळांचा प्रमुख अधिकारी नेमतात. आमची समिती ५० हजारांचा तक्ता पाहते. दोन्हींची बरोबरी होत नाही, हे आम्ही जाणतो. पण मत मागण्याआधी वही उघडून दाखवावी, एवढे त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

तास कमी पडले म्हणून कोणाला समितीवरून काढू मात्र नये. याबाबत आम्ही ठाम आहोत. असा नियम झाला की सर्वात आधी बाहेर जातील त्या घरकाम आणि मजुरी करणाऱ्या आया, आणि खुर्च्यांवर उरतील फुरसत असलेले चार पुरुष. कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या त्या अशा मागच्या दाराने काढून घेता येणार नाहीत. कमी तास वाचले जातील तेव्हा त्यापुढे कारणही वाचावे. ‘सहा महिन्यांत एकही प्रशिक्षण ठेवले गेले नाही’ हे कारण असेल, तर ती शाळेच्या नव्हे, विभागाच्या नावावरची थकबाकी आहे.

वेळेबद्दल थोडक्यात. प्रशिक्षण शाळेतच, दुपारी तीनच्या पुढे, तीन-तीन तासांचे ठेवा; दिवाळीआधीचा महिना आणि लग्नसराई सोडून. त्या दिवसांत सराफ्यात रात्री बारापर्यंत हातोडी वाजत असते, कोणी येणार नाही आणि मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा पडेल. जे रोजंदारीवर आहेत त्यांना बुडालेल्या वेळेचा भत्ता मिळावा. लहान मूल बरोबर आणायला कोणी अडवू नये.

समितीचे सचिव म्हणून काम पाहणाऱ्या मुख्याध्यापकांचे आणि स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधींचे तासही याच यादीत वाचले जावेत.

शेवटची मागणी मुदतीची. जुन्या हजेरीवरून झालेल्या प्रशिक्षणाचा दाखला मागितला तर तो किती दिवसांत मिळेल, हे ठरवून द्या. २०१० चा लोक सेवा गारंटी कायदा याच राज्याने देशात आधी केला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला मुदतीत मिळतो, नाही मिळाला तर अपील करता येते, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. समिती-सदस्याच्या प्रशिक्षणाचा दाखला त्या सेवांच्या यादीत घाला आणि पंधरा कामकाजाच्या दिवसांची मुदत ठेवा.

‘शिक्षकांवर कागदांचे ओझे वाढेल’ हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, अर्धा. शिक्षकांना शिकवण्याखेरीज इतर कामे फार आहेत, हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच नोंद शिक्षकाने नव्हे, प्रशिक्षण देणाऱ्याने करायची आहे. शिकवणाऱ्याच्या सहीचा पाचवा आणि तासांचा सहावा रकाना भरायला माणशी अर्धा मिनिटही लागत नाही. ‘खोट्या सह्या होतील’ हा दुसरा आक्षेप. होतील, आजही होतात. पण वही घरात असली की ज्याच्या नावाने सही झाली तो विचारू शकतो. शिवाय दर तिमाहीला प्रत्येक जन शिक्षा केंद्रातून पाच सदस्यांना फोन करून ‘त्या दिवशी काय शिकवले?’ एवढे विचारले तरी बरेच कागदी घोडे तबेल्यातच राहतील.

या मागणीपत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे, ही विनंती. कोणत्या मागण्या जिल्हा पातळीवर लगेच होऊ शकतात आणि कोणत्यांसाठी भोपाळहून आदेश लागेल, हे त्यात वेगवेगळे सांगावे. आमच्या अंदाजाने वही, त्याच दिवशीची सही आणि सभेतले वाचन यांना वरून कोणाची परवानगी लागू नये.

तोवर आम्ही थांबलेलो नाही. बड्या फुहाऱ्याजवळच्या कागदाच्या दुकानातून लाल कापडी बांधणीची एक बही आणली आहे, पेढ्यांवर असते तशीच. जमेच्या बाजूला सदस्याचे नाव आणि तास, नावेच्या बाजूला विभागाकडून येणे असलेले तास. पहिल्या पानावर पोती ओवणाऱ्या त्या आईचे नाव आहे. जमा : चोवीस तास, त्यांतले बारा दुबार. समोरची बाजू आम्ही कोरी सोडली आहे.

आपले,
सराफा परिसरातील शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक-सदस्य
(सह्या व अंगठे मूळ हिंदी प्रतीवर)